आधी चाकं, मग गाडी

गेल्या दिवाळीत भाच्याने मला एक चित्र दाखवलं. लालभडक स्पोर्ट्स कार. हेडलाइटमधला दिवान् दिवा वेगळा, जाळीचा एकेक चौकोन मोजून काढलेला, नंबरप्लेटवर स्वतःची जन्मतारीख. आणि खाली चाकांच्या जागी दोन बेसनाचे लाडू, त्यातला मागचा जरा बसलेला. "मामा, काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही," म्हणाला. कळणार कसं? आपण गाडीचा चेहरा बघतो. दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे तोंड. गाडी उभी असते ती चाकांवर, आणि कागदावरही तिला तिथेच उभं करावं लागतं.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूल डिझाइनचं काम करतो. गाड्यांची चित्रं काढणं हा जुना नाद, आणि रविवारी सोसायटीतली तीन-चार मुलं शिकायला येऊन बसतात. त्यांना ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने इथे लिहितोय. सुरुवात कागदावर, मग स्क्रीनवर. थेट टॅब्लेट घेऊन बसणारे बहुतेकजण महिनाभरात ब्रश डाउनलोड करण्यात रमतात, असा माझा अनुभव आहे.

सामान

अप्पा बळवंत चौकात गेलं की हात शिवशिवतात. मार्करचा चोवीसचा सेट, जर्मन पेन्सिली, सगळंच हवंसं वाटतं. तूर्तास नको. झेरॉक्सच्या ए-४ कागदाचं एक रिम घ्या, म्हणजे ५०० कागद. साधं काळं बॉलपेन, एक पट्टी, कंपासपेटीतले दोन गुण्ये. खोडरबर घरीच राहू द्या.

पेन्सिल सोडून बॉलपेन का? हलका हात ठेवला तर बॉलपेनची रेघ पेन्सिलीसारखी फिकट येते, दाबलं की गडद होते, आणि ती खोडता येत नाही. खोडता येत नाही म्हटल्यावर माणूस आधी बघतो, मग रेघ मारतो. चुकलेल्या रेघेवर दुसरी जरा जोरात मारायची, पहिली आपोआप मागे पडते.

पहिले चार-पाच दिवस गाडी काढायचीच नाही. कागदावर लांब लांब दोन टिंबं द्यायची आणि ती एका झटक्यात जोडायची. मनगट स्थिर, हात खांद्यातून फिरला पाहिजे. पेन टेकवण्याआधी हवेतल्या हवेत दोनदा तीच रेघ फिरवून घ्या. नंतर तीन टिंबांतून जाणारी कमान. एका कागदावर पन्नास रेघा, दिवसाला चार कागद. कंटाळा येतो, पण छपराची लांब कमान पुढे याच सवयीतून येते. तुकड्यातुकड्यांनी जोडलेली केसाळ रेघ चांगल्या गाडीचाही खटारा करते.

पार्किंगमध्ये उकिडवं बसा

आता वही घेऊन खाली पार्किंगमध्ये जा आणि एखाद्या गाडीच्या टायरशेजारी बसा. वॉचमनकाका "काय हरवलं?" म्हणून विचारतील, विचारू द्या. टायरच्या अंगावर एक आकडा असतो, समजा १८५/६५ आर १५. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला हाच टायर असतो. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत. हिशेब मांडा: १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, भिंत १२० मिलिमीटर, ती वर एकदा आणि खाली एकदा. सगळं मिळून चाकाचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर.

हा आकडा हातात आला की अख्खी गाडी मोजता येते. स्विफ्टच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, २४५० मिलिमीटर. त्याला ६२० ने भागलं तर जवळपास चार. म्हणजे दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणखी तीन चाकं बसतात. उंची सुमारे अडीच चाकं. पुढच्या चाकापुढे आणि मागच्या चाकामागे जे अंग बाहेर येतं, ते दोन्ही मिळून सव्वा चाक. झाली की स्विफ्ट!

तर बाजूने दिसणारी गाडी अशी काढा. आधी जमिनीची रेघ. तिच्यावर तीनेक सेंटिमीटरचं एक चाक, पुढे तीन चाकांची जागा सोडून दुसरं. अडीच चाकांच्या उंचीवर फिकट रेघ मारून ठेवा, छप्पर तिच्या वर जाणार नाही. वरचं पाऊण-एक चाक काचांचं आणि छपराचं, खालचं पत्र्याचं. मग पुढचं-मागचं सव्वा चाक वाटून द्या. आता कुठे बोनेट, काच आणि डिकीची एक सलग बाह्यरेषा ओढायची. हेडलाइट अजून नाही.

हेच गणित मारुती ८०० ला लावून बघा, मजा येते. तिचा व्हीलबेस २१७५ मिलिमीटर आणि नंतरच्या मॉडेलचा टायर १४५/७० आर १२, म्हणजे चाक जेमतेम ५०८ मिलिमीटरचं. मधल्या जागेत सव्वातीन चाकं बसतात. चाक लहान पडल्यामुळे ती गाडी कागदावर चिमुकली आणि जराशी भाबडी दिसते. तिला स्विफ्टची चाकं लावा, लगेच दंड थोपटून उभी राहते. डिझाइन स्टुडिओतल्या पहिल्या स्केचमध्ये चाकं मुद्दाम मोठी काढलेली असतात ती ह्याचसाठी. ही लबाडी जरूर करा, पण आधी खरं माप हातात बसू द्या.

जाता जाता एक. आपल्याकडच्या काही छोट्या सेडानची डिकी कापल्यासारखी का दिसते, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. मग लांब गाडी चार मीटरमध्ये कोंबायची चढाओढ लागली, टाटाची २००८ ची इंडिगो सीएस हे त्याचं ठळक उदाहरण. अशी गाडी काढताना मागचं अंग नेहमीच्या सवयीने लांबवू नका. ती आखूडच दिसली पाहिजे.

खोका आणि क्षितिज

बाजूच्या चित्राची सवय झाली की तिरकी उभी गाडी घ्या, जिचं तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतात. इथे यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, लागतं. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर वस्तुचित्राला पाटावर ठेवलेला खोका आठवेल. त्याच खोक्याला आता चाकं लावायची आहेत.

क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्यांची उंची. इथे बरेच फसतात. साडेपाच फुटी माणूस उभा राहिला तर त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरच्या थोडे वर असतात, आणि स्विफ्टची उंचीही साधारण दीड मीटरच. म्हणजे उभ्याने बघताना क्षितिज छपराला घासून जातं आणि छप्पर जवळपास एका रेघेत मिटतं. तरी नवशिका छप्पर अंगणासारखं पसरून काढतो, आणि खालची चाकं मात्र समोरून बघितल्यासारखी गोल! एकाच चित्रात बघणारा चौथ्या मजल्याच्या गॅलरीतही असतो आणि फूटपाथवरही. एक जागा ठरवा. टपरीवर बाकड्यावर बसून बघितलेली गाडी सर्वांत रुबाबदार दिसते, कारण क्षितिज दिव्यांच्या जरा वर येतं आणि छप्पर डोक्यावर उरतं.

क्षितिजावर दोन व्हॅनिशिंग पॉइंट घ्या, म्हणजे दूर जाणाऱ्या कडा जिथे मिळताना दिसतात ते बिंदू, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही कागदाच्या आत घेतलेत तर गाडी माशाच्या डोळ्यातून बघितल्यासारखी वाकते. म्हणून कागद टेबलावर चिकटवा आणि निदान एक पॉइंट टेबलाच्या कडेवर, कागदाबाहेर, टाचणी लावून ठेवा. मग खोका. आतल्या न दिसणाऱ्या कडाही फिकट काढा, पलीकडची चाकं कुठे टेकतात ते त्यावरूनच कळतं.

लंबवर्तुळ

आता लाडूंकडे येऊ. सगळ्यांत जास्त वेळ इथे जाणार आहे.

तिरकं बघितलेलं चाक लंबवर्तुळ दिसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते कुठल्या बाजूला कललेलं असतं, इथे घोळ होतो. एक जुनी सीडी शोधा, घरात कुठेतरी असेलच. मधल्या भोकात मुलांची चिकणमाती भरून त्यात पेन्सिल आरपार बसवा, दोन्हीकडे सारखी. पेन्सिल म्हणजे चाकाचा अॅक्सल. आता एक डोळा मिटून सीडी हवी तशी फिरवा. लंबवर्तुळ कितीही चपटं होऊ दे, त्याची लांब बाजू पेन्सिलीला काटकोनातच राहते. एवढं एक कळलं की चाकं बसतात.

कागदावर त्याचा अर्थ असा: गाडीच्या रुंदीच्या रेघा ज्या व्हॅनिशिंग पॉइंटकडे जातात, त्याच पॉइंटकडे चाकाच्या मध्यातून एक फिकट रेघ ओढा. हा अॅक्सल. त्याला काटकोनात दुसरी रेघ, ही लंबवर्तुळाची लांब बाजू. ती सरळ उभी येत नाही, किंचित कलते. भाच्याचा लाडू बसला होता तो ह्या कलण्यावरच. त्याने लांब बाजू नेहमी उभी धरली होती.

दुसरी गोष्ट, पुढचं आणि मागचं चाक सारखं चपटं नसतं. गाडीचं तोंड तुमच्याकडे असेल तर जवळचं पुढचं चाक जास्त गोल दिसतं, मागचं लहान आणि जास्त चपटं. फरक थोडाच असतो, पण तो नसला तर गाडीची कंबर मोडल्यासारखी वाटते.

सरावाला एका कागदावर चाळीस लंबवर्तुळं. प्रत्येकाला आधी अॅक्सल, मग काटकोन, मग हवेत दोन फेरे आणि न थांबता दोन फेरे कागदावर. सुरुवातीला टोकं अणकुचीदार येतात, बदामासारखी. लंबवर्तुळाला कोपरा नसतो, टोकाला हात जरा सावकाश वळवा. प्लॅस्टिकच्या लंबवर्तुळांच्या पट्ट्या मिळतात, पक्क्या चित्राला वापरायला हरकत नाही. पहिला महिना मात्र त्या दुकानातच बऱ्या.

टायरला जाडी असते हे विसरू नका. बाहेरच्या लंबवर्तुळामागे त्याच अॅक्सलवर थोडं सरकवून दुसरं, आत रिमचं तिसरं. आरे शेवटी. पाच आरे असतील तर पाची सारख्या अंतरावर काढू नका, लंबवर्तुळाच्या टोकांकडे ते गर्दी करतात.

अंग आणि उजेड

खोक्यातून गाडी काढताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, बाजूच्या काचा सरळ उभ्या नसतात, वर जाताना आत झुकतात. गाडीच्या अगदी समोर उभं राहून बघा, काचांचा भाग खांद्यांपेक्षा बराच अरुंद असतो. हे विसरलात तर गाडीचा मालगाडीचा डबा होतो. दुसरी, बोनेटच्या मधोमध पुढून मागे जाणारी रेघ आधी काढा. ती काचेवरून, छपरावरून तशीच मागे न्या. तिच्या दोन्ही बाजूंना मग दिवे, वायपर, आरसे सारख्या अंतरावर बसतात. आता खुशाल हेडलाइट काढा.

रंगाचं म्हणाल तर सकाळी सातच्या सुमाराला नुकतीच धुतलेली काळी गाडी बघा. काळा रंग तिच्यावर फार थोडा सापडतो. बोनेट आणि छप्पर आभाळ दाखवतात, म्हणून फिकट. दरवाज्याच्या मध्यावर क्षितिजाची गडद, नागमोडी पट्टी, त्यात समोरची भिंत, झाडं, शेजारची अॅक्टिव्हासुद्धा. त्याखाली पत्रा जमिनीकडे वळतो आणि जमिनीचा उजेड उचलून पुन्हा थोडा उजळतो. पत्र्यावर रंगापेक्षा परिसर जास्त असतो. तो कसा वाकतो त्यावरून पत्रा कसा वाकलाय ते डोळ्याला कळतं.

कागदावर ह्यासाठी तीन राखाडी मार्कर पुरतात: फिकट, मध्यम, गडद. झेरॉक्सच्या कागदावर मार्कर फुटतो, तेव्हा इथे मार्कर पॅड घ्या. फिकटाने सगळी बाजू एका दमात भरा, ओलं असतानाच मध्यमाने क्षितिजाची पट्टी, गडद फक्त चाकांच्या कमानीत आणि गाडीखाली. शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरचे चार-पाच ठिपके, कडांवर चमक म्हणून. सहावा ठिपका द्यायचा मोह होतो, तिथे ब्रश खाली ठेवा.

आता स्क्रीन

कॉम्प्युटर असेल तर वॅकॉम, हुइऑन किंवा एक्सपी-पेनचा बिनस्क्रीनचा छोटा टॅब्लेट पुरे. हात खाली आणि नजर समोर, हे जमायला पंधरा दिवस लागतात, त्या पंधरा दिवसांत टॅब्लेट परत करू नका. सॉफ्टवेअर म्हणून कृता मोफत आहे आणि उत्तम आहे. फोनवर स्केचबुकची साधी आवृत्तीही मोफत. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट. फोटोशॉप नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही.

पहिलं डिजिटल चित्र कोऱ्या स्क्रीनवर सुरू करू नका. आपल्याच बॉलपेनच्या स्केचचा वरून, सरळ फोटो काढा. नवीन फाइल ए-४ ची, ३०० डीपीआय, म्हणजे ३५०८ बाय २४८० पिक्सेल. फोटो सगळ्यात खालच्या लेयरवर टाका आणि त्याची ऑपॅसिटी, म्हणजे ठळकपणा, २५ टक्क्यांवर आणा. वरच्या लेयरवर स्वच्छ रेघा. कागदावर जे काम ट्रेसिंग पेपर करतो, तेच हे.

कृतामध्ये असिस्टंट नावाचं साधन आहे. त्यात व्हॅनिशिंग पॉइंट कॅनव्हासच्या कितीही बाहेर ठेवता येतो, टेबलावर टाचणी टोचावी लागत नाही. लंबवर्तुळाचा असिस्टंटही आहे, पण अॅक्सल कुठे जातो हे तुम्हालाच सांगावं लागतं. सीडीचा प्रयोग टाळला असेल तर स्क्रीनवरही लाडूच येणार, फक्त गुळगुळीत.

लेयर असे लावा: खाली पार्श्वभूमी, मग गाडीखालची सावली, मग अंग, काचा, चाकं प्रत्येकी वेगळी, सगळ्यात वर रेघा आणि त्याच्याही वर चमक. अंगाचा आकार एका सपाट मध्यम राखाडीने भरा आणि त्या लेयरचा अल्फा लॉक करा. आता मोठा मऊ एअरब्रश कितीही बिनधास्त फिरवला तरी रंग बाहेर सांडत नाही. पूर्वी हेच काम कागदाचे तुकडे कापून, चिकटवून, त्यावर फवारा मारून व्हायचं. सावलीसाठी वेगळा लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये, त्याने खालचा रंग गडद होतो. क्षितिजाची पट्टी मात्र कडक कडेच्या ब्रशने. ती मऊ केली की चकचकीत पत्र्याचा रबर होतो.

दोन सवयी पहिल्याच दिवशी लावा. कृतामध्ये एम दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं दिसतं. दर दहा मिनिटांनी दाबा. सरळ चित्रात न दिसलेला कल उलट्यात धाडकन दिसतो. कागदावर असताना हेच काम चित्र खिडकीला पालथं धरून होतं. आणि झूम आवरा. ४०० टक्क्यांवर दोन तास खपून काढलेला हेडलाइट पूर्ण चित्रात मुगाच्या दाण्याएवढा असतो. तिसरी सवय मला एका गुरुवारने लावली. वीज गेली, यूपीएसने दोनदा कुईं केलं, आणि अख्ख्या दुपारचं काम गेलं. तेव्हापासून डाव्या हाताची दोन बोटं कंट्रोल-एसवरच असतात.

पुढे ब्लेंडर हे थ्री-डी सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर अवश्य शिका, तेही मोफत आहे. त्यात एक खोका आणि चार सिलिंडर ठेवून कॅमेरा फिरवायचा, आवडलेल्या कोनाचं चित्र खाली ठेवून वर काढायचं. व्यावसायिक लोक सर्रास करतात, ही चीटिंग नव्हे.

कुठे बघायचं

पुण्यात गाड्यांचा तोटा नाही. पिंपरी, आकुर्डी, चाकणला त्या बनतात, वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआयमध्ये त्यांच्या चाचण्या होतात, आणि उरलेल्या शहरात त्या रस्ता अडवून उभ्या असतात. माझी आवडती जागा नाना पेठ. स्पेअर पार्टच्या दुकानांबाहेर बंपर टांगलेले असतात, हेडलाइट ओळीने मांडलेले. गाडीवर लागलेला दिवा काढणं सोपं वाटतं, पण सुटा दिवा हातात घेऊन बघितला की तो मागे किती खोल जातो, बाजूला किती वळतो ते कळतं. दुकानदाराला आधी विचारा, आणि दुपारच्या गर्दीत जाऊ नका.

ज्यांना ह्यातच शिक्षण घ्यायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात: लोणी काळभोरच्या एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये ट्रान्सपोर्टेशन डिझाइन आहे, एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसवर आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये वाहनांच्या डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. आयडीसीसाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिथे पोहोचल्यावर कळेल की स्टुडिओत अजूनही मातीचं मॉडेल बनतं आणि भिंतीवर काळी टेप चिकटवून पूर्ण मापाची गाडी काढली जाते. जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्लने १९२७ मध्ये डिझाइनचा वेगळा विभाग सुरू केला, मातीचं मॉडेल रूढ झालं ते त्याच्यामुळेच. स्क्रीन आल्या म्हणून माती काही गेली नाही.

भाचा आता दर रविवारी येतो. गेल्या आठवड्यात त्याने वॅगन-आर काढली, दिव्यांच्या जागा कोऱ्या ठेवून. पुढचं चाक बसलंय, मागचं अजून थोडं जास्त गोल आहे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्याने तारीख आणि टायरचा नंबर लिहायला सुरुवात केलीय. वॉचमनकाका आता विचारत नाहीत, उलट कुठली गाडी आज जागेवर नाही ते आधीच सांगून टाकतात.

त्याला पुढचं काम दिलंय रिक्षाचं. पुढचं एकच चाक, तेही गाडीच्या बरोबर मधल्या रेघेवर, त्यामुळे खोक्याचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो आणि मधली रेघ चुकवायची सोयच उरत नाही. मॉडेल म्हणूनही सोयीची. स्टँडवरची रिक्षा, कुठे जायचंय ते सांगितलं तरी जागची हलत नाही.